पर्वतीचे देवालय आणि श्रीमंत नानासाहेब पेशवे

आपल्या लोकांनी देवाला उंचावर बसविले आणि भक्ताला चढ चढावयास लावला. जेजुरीचा खंडेराय, वणीची सप्तशृंगी, वाडी रत्नागिरीचा जोतिबा ही सारी दैवते डोंगरावर नांदत आहेत. पायऱ्या चढताना माणसाचा श्वास लागतो, त्याबरोबर घरचे विचार मागे पडतात आणि शिखरावर पोहोचेपर्यंत मन थोडेफार देवासमोर उभे राहण्याजोगे होते. पुण्याच्या दक्षिणेस असलेल्या पर्वतीच्या टेकडीची उंची या स्थानांच्या मानाने अगदीच थोडी. एकशे तीन पायऱ्या चढून गेले की देवदेवेश्वराच्या महाद्वारात उभे राहता येते. परंतु ज्या पुरुषाने हे देवालय बांधविले त्याच्या आयुष्याचा चढ आणि उतार या एका टेकडीने जसा पाहिला, तसा अन्य कोणत्याही देवस्थानाने आपल्या संस्थापकाचा पाहिला असेल असे आम्हांस वाटत नाही. आपल्या मंडळातील पुष्कळ कुटुंबे सुट्टीच्या दिवसांत पुण्यास जातात आणि पर्वतीचे दर्शन घेऊन येतात. त्यांच्या उपयोगासाठी श्रीमंत बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे यांचे चरित्र येथे संक्षेपाने देण्याचे आम्ही योजिले आहे.

नानासाहेबांचा जन्म १७२० सालचा. थोरले बाजीराव आणि काशीबाई यांचे ते ज्येष्ठ पुत्र. वडील सदैव घोड्यावर, त्यामुळे मुलाचे शिक्षण पुष्कळसे चुलते चिमाजी आप्पा यांच्या देखरेखीखाली आणि साताऱ्यास छत्रपती शाहू महाराजांच्या सहवासात झाले. तलवारीपेक्षा लेखणी त्यांच्या हाती अधिक शोभली. हिशेब, पत्रव्यवहार, माणसांची पारख आणि गोड बोलून काम साधण्याची हातोटी हे त्यांचे गुण लहानपणीच दिसू लागले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या तीरी रावेरखेडी येथे बाजीरावांनी देह ठेवला. आपल्या माळव्यापासून हे स्थान फार दूर नाही, आणि नर्मदास्नानास जाणाऱ्या कित्येकांनी तेथील समाधी पाहिली असेल. त्याच वर्षी शाहू महाराजांनी नानासाहेबांस पेशवाईची वस्त्रे दिली. तेव्हा त्यांनी वयाची विशीही ओलांडलेली नव्हती.

वस्त्रे मिळाली, पण ती निर्वेध मिळाली नाहीत. बाजीरावांच्या मोहिमांनी राज्य वाढविले होते आणि त्याबरोबर कर्जही वाढविले होते. त्यांचे एक मोठे सावकार बारामतीचे बाबूजी नाईक यांनाच पेशवेपद मिळावे, असा नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा प्रयत्न होता. महाराजांनी तो मानला नाही. वर्ष संपण्यापूर्वीच, १७४० च्या डिसेंबरात, चिमाजी आप्पाही निवर्तले. वडिलांचे छत्र गेलेले, चुलत्याचा आधार तुटलेला, दाराशी सावकार उभे आणि दरबारात विरोधक बसलेले, अशा स्थितीत या तरुणाने कारभार हाती घेतला. पुढे आयुष्यभर पैशाची विवंचना त्यांची पाठ सोडीत नाही. त्यांची थोरवी आणि त्यांच्या चुका, दोहोंचेही मूळ पुष्कळ अंशी या विवंचनेत सापडते, असे आमचे मत आहे.

पहिल्याच वर्षात त्यांनी जे साधले त्याचे फळ आपण इकडचे लोक आजही भोगीत आहोत. १७४१ साली धोलपूर येथे जयपूरच्या सवाई जयसिंगाची भेट घेऊन, त्याच्या मध्यस्थीने त्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून माळव्याचा कारभार सनदेने मिळविला. बाजीरावांनी समशेरीने मिळविलेला प्रांत मुलाने कागदावर पक्का केला. शिंदे, होळकर, पवार यांची घराणी ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास येथे स्थिरावली आणि त्यांच्या मागोमाग आपले पूर्वज फडणीस, पुराणिक, वैद्य, कारकून, शिलेदार म्हणून इकडे येऊन राहिले. त्या साऱ्या इतिहासात या सनदेचे स्थान मोठे आहे. पुढे १७४३ साली बंगालच्या चौथाईवरून रघूजी भोसल्यांशी उद्भवलेला कलहही शाहू महाराजांच्या समक्ष मुलखाची वाटणी करून मिटविण्यात आला. लढाई टळेल तेथे ती टाळावी आणि कागद करून घ्यावा, ही नानासाहेबांची रीत होती.

पर्वतीच्या देवालयाची कथा याच उत्कर्षाच्या काळातली आहे. टेकडीवर पूर्वी देवीचे एक लहानसे ठाणे होते आणि लोक तिला पर्वताई म्हणत. परंपरा अशी सांगते की, मातुःश्री काशीबाईंच्या पायास व्यथा जडली होती. या देवीचा महिमा कोणी तरी त्यांच्या कानी घातला, त्यांनी नवस केला आणि पाय बरा झाला. आईचा नवस फेडण्यासाठी पुत्राने टेकडीच्या माथ्यावर देवालय उभारले. १७४९ साली ते पूर्ण झाले. मध्यभागी देवदेवेश्वर शंकराची रुप्याची मूर्ती, तिच्या मांडीवर पार्वती आणि गणपती यांच्या सोन्याच्या मूर्ती, आणि चार कोपऱ्यांस सूर्य, विष्णू, गणेश व देवी यांची लहान देवळे, असे हे पंचायतन पेशव्यांनी बसविले. पुढे त्याच माथ्यावर कार्तिकस्वामी आणि विष्णू यांचीही देवालये झाली. पायऱ्या लांबरुंद आणि सखल ठेविल्या आहेत. पालखीच्या भोयांना आणि वृद्धांना त्या सुखाने चढता याव्यात, हत्तीसही अडचण पडू नये, असा तो बेत दिसतो. पाय दुखणाऱ्या आईसाठी बांधलेल्या देवळाच्या पायऱ्या अशाच असावयास हव्या होत्या.

देवळाबरोबर पेशव्यांनी पाण्याकडेही लक्ष दिले. टेकडीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचे पाणी अडवून त्यांनी तलाव केला. त्या तलावातील बेटावर पुढे सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, १७८४ साली, गणपतीची स्थापना झाली. तोच आजचा सारसबागेतील तळ्यातला गणपती होय. तलाव आता राहिला नाही, त्याच्या जागी बाग झाली आहे. परंतु नानासाहेबांचे याहूनही मोठे काम कात्रजचे. १७५० च्या सुमारास कात्रजच्या डोंगराशी बंधारे घालून तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून कित्येक मैल शहरात आणले. हा नळ माणूस आत शिरून साफ करू शकेल इतका प्रशस्त आहे, ठिकठिकाणी त्याला हवा येण्यासाठी उच्छ्वास ठेविले आहेत आणि पाणी केवळ जमिनीच्या उताराने वाहत येते. शनिवारवाड्याच्या कारंज्यांना ते मिळे, तसेच रस्त्यांवरील हौदांतून घरोघरीच्या घागरींनाही मिळे. नवीन पेठा वसल्या, त्यांत सदाशिव पेठेस चुलतबंधू सदाशिवरावभाऊंचे नाव मिळाले. खेड्यासारख्या असलेल्या पुण्याचे शहर झाले ते या पाण्यावर.

पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. श्रावणमासात देशोदेशींचे वैदिक आणि शास्त्री तेथे जमत, त्यांची विद्वत्ता पाहून दक्षिणा वाटली जाई. ही चाल पेशव्यांनी सेनापती दाभाड्यांकडून उचलली होती आणि नानासाहेबांच्या काळी तिचा विस्तार फार झाला. या दानात खऱ्या विद्येचा गौरव किती आणि नुसत्या गर्दीचा संतोष किती, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. दान एकाच वर्णापुरते होते, हेही येथे सांगितले पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रजांनी १८२१ साली पुण्यास संस्कृत पाठशाळा काढली आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उदयास आले. एका टेकडीच्या पायथ्याशी वाटलेले द्रव्य शेवटी विद्यालयाच्या कामी आले, हे दात्याच्या पुण्याईचेच फळ म्हणावे.

देवालय पूर्ण झाले त्याच वर्षाच्या अखेरीस, १५ डिसेंबर १७४९ रोजी, शाहू महाराज कैलासवासी झाले. महाराजांना औरस पुत्र नव्हता. ताराबाईंनी पुढे आणलेले रामराजे गादीवर बसले. १७५० साली सांगोले येथे झालेल्या व्यवस्थेनंतर राज्याची सूत्रे पुण्यास आली. मात्र थोड्याच महिन्यांत ताराबाईंनी रामराजांस साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले आणि त्यांच्या हाकेला ओ देऊन दमाजी गायकवाड गुजरातेतून फौजेसह चालून आले. पेशव्यांनी १७५१ साली दमाजींचा पाडाव करून त्यांस अटकेत ठेविले आणि गुजरातेच्या अर्ध्या उत्पन्नाचा करार करून घेतल्यावर सोडले. तेच दमाजी १७५३ साली रघुनाथरावांच्या खांद्यास खांदा लावून अहमदाबाद घेण्यास गेले आणि बडोद्याचे राज्य त्यांनीच पुढे भक्कम केले. ताराबाईंशी समेट झाला तो १७५२ साली, आणि तोही जेजुरीच्या गडावर खंडोबाच्या समक्ष शपथा घेऊन. डोंगरावरच्या देवाला साक्षी ठेवून राज्याचे तंटे मिटविण्याचे ते दिवस होते.

नानासाहेबांच्या कारकीर्दीत मराठ्यांचा अंमल जेवढा पसरला तेवढा पूर्वी कधी पसरला नव्हता आणि पुढेही फारसा पसरला नाही. कर्नाटकात वर्षानुवर्षे स्वाऱ्या झाल्या. १७५८ साली रघुनाथरावांची फौज लाहोरात शिरली आणि मराठी घोडी सिंधूच्या काठी पाणी प्याली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीरवर निजामास नमविले आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी स्थळे मिळविली. परंतु चरित्र लिहावयाचे म्हणजे केवळ जयांची यादी करून चालत नाही. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नाहीत, म्हणून त्यांना शासन करण्यासाठी नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांची मदत घेतली. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या तोफांनी जळाले. ते आरमार तुळाजींचे असले तरी मराठ्यांचेच होते. कान्होजींनी उभारलेली समुद्रावरची ताकद एका रात्रीत गेली, आणि ती पुन्हा तशी उभी राहिली नाही. कोकण आणि गोमंतक येथील वाचकांस याचे दुःख आम्ही सांगावयास नको. घरातल्या भांडणात परक्यास बोलावण्याचा हा परिणाम होय.

याच सुमारास उत्तरेत अहमदशहा अब्दालीचे संकट दाटून आले. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. उदगीरच्या विजयाचे चौघडे थांबतात न थांबतात तोच ही बातमी दक्षिणेत आली. पडदूर येथे खलबत होऊन सदाशिवरावभाऊंस उत्तरेत पाठवावयाचे ठरले, आणि त्यांच्याबरोबर नानासाहेबांनी आपले सतरा-अठरा वर्षांचे थोरले चिरंजीव विश्वासराव यांस दिले. स्वतः ते मागे राहिले. भाऊंनी ऑगस्टात दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. परंतु खजिना रिकामा होत चालला होता, उत्तरेतील सरदार आणि राजे यांतले बरेच दूर राहिले होते, आणि दक्षिणेतून पैसा व फौज वेळेवर पोहोचत नव्हती. नानासाहेब वर्षाच्या अखेरीस उत्तरेकडे निघाले खरे, तथापि त्यांची चाल मंद होती. २७ डिसेंबर १७६० रोजी पैठण येथे त्यांनी दुसरा विवाह केला. मुलगा आणि भाऊ पानिपतावर अन्नावाचून कोंडलेले असताना हे व्हावे, याबद्दल इतिहासाने त्यांस दोष दिला आहे आणि तो दोष झाकण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही. त्यांची प्रकृती खालावली होती, आणि वाटा अडल्यामुळे उत्तरेच्या खबरा येत नव्हत्या, एवढेच त्यांच्या बाजूने सांगता येईल.

तो दिवस १४ जानेवारी १७६१ चा. त्या दिवशी पानिपतावर विश्वासराव पडले, भाऊ पडले आणि महाराष्ट्रातील घरोघरचे पुरुष पडले. दहा दिवसांनी, २४ जानेवारीस, नानासाहेबांचा मुक्काम भेलशास असताना एका सावकाराचे पत्र त्यांच्या हाती लागले. व्यापाऱ्यांच्या सांकेतिक बोलीत त्यात मोत्ये गळाल्याचा, मोहरा हरपल्याचा आणि रुपे व तांबे किती गेले याची गणती नसल्याचा मजकूर होता. त्यांतले एक मोती आपला पुत्र आणि दुसरे आपला भाऊ, हे ओळखावयास पेशव्यांस वेळ लागला नाही. हे भेलसा म्हणजे आजचे विदिशा, पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातले. दक्षिणेवर कोसळलेले ते दुःख प्रथम आपल्या या भूमीवर त्यांच्या कानी पडले. पानिपतातून वाचलेले लोक, भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई आणि मल्हारराव होळकर यांच्यासह, वाटेत भरतपूरच्या सुरजमल जाटाचा आश्रय घेत ग्वाल्हेरीस पोहोचले. जाटांनी त्या वेळी आपल्या जखमी, उपाशी माणसांस जे अन्नवस्त्र दिले ते आपण विसरू नये. लढाईपूर्वी ज्याचे मन आपल्या सरदारांस राखता आले नाही, तोच पराभवानंतर अन्नदाता झाला.

नानासाहेब काही काळ माळव्यातच राहिले. मागचे लोक गोळा करावे, पुन्हा फौज उभारावी, असे मनात असले तरी शरीर आणि मन दोन्ही खचली होती. परतीचा मार्ग धरून ते पुण्यास आले आणि शनिवारवाड्याऐवजी पर्वतीवर जाऊन राहिले. बारा वर्षांपूर्वी, ऐन भरभराटीत, ज्या टेकडीवर त्यांनी आईचा नवस फेडला होता, ती टेकडी तीच होती. मातुःश्री १७५८ साली निवर्तल्या होत्या. विश्वासराव नव्हते. ज्यांच्या नावाने पेठ वसविली ते भाऊही नव्हते. खाली कात्रजच्या पाण्यावर वाढलेले शहर दिसत होते, आणि त्यातली कित्येक घरे पानिपतावरच्या माणसांची वाट पाहत होती. २३ जून १७६१ रोजी देवदेवेश्वराच्या सान्निध्यात या पेशव्यांनी देह ठेविला. तेव्हा त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. देवालयाजवळच्या वाड्यात त्यांच्या अखेरच्या जागेचे स्मारक राखून ठेविले आहे. दर्शनास जाणाऱ्यांनी तेथेही क्षणभर थांबावे.

त्यांच्यामागून सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले आणि त्यांनी अकरा वर्षांत राज्याची पडलेली घडी पुन्हा बसविली, ही कथा सर्वश्रुत आहे. पर्वतीने पुढेही बरेच पाहिले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली ती दुसऱ्या बाजीरावांनी याच टेकडीवरून पाहिली. चुलत्यांनी ज्या ठिकाणी राज्यासाठी झुरून प्राण सोडला, तेथूनच पुतण्याने राज्य जाताना पाहावे, ही दैवगती होय. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी याच पायऱ्यांवर मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्य मानलेल्या बांधवांसह शि. जा. कांबळे, पां. ना. राजभोज, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी अशी मंडळी त्यात होती. त्यांना त्या वेळी देवाचे दर्शन मिळाले नाही, उलट दगडांचा मार मिळाला. पुढे १९४७ साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन देवळांची दारे सर्व हिंदूंस उघडली. हत्तीलाही चढता यावे इतक्या रुंद बांधलेल्या पायऱ्या स्वजनांस मात्र इतकी वर्षे अरुंद ठरल्या, याची नोंद देवस्थानाच्या इतिहासात झालीच पाहिजे.

आता या चरित्राचे तात्पर्य पाहू. नानासाहेब पराक्रमी होते की नव्हते, पानिपताचा दोष त्यांच्याकडे किती आणि भाऊंकडे किती, यावर पंडितांचे वाद चालत आले आहेत आणि चालतील. आम्हांस वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. लाहोर त्यांच्या हयातीतच हातचे गेले. उदगीरला मिळविलेला मुलूख त्यांच्यामागून टिकविणे कठीण झाले. इंग्रजांच्या मदतीने मिळविलेल्या जयाने तर हानीच झाली. परंतु आईसाठी बांधलेले देऊळ आजही उभे आहे आणि त्यात नित्य पूजा चालते. कात्रजच्या नळाने पिढ्यानुपिढ्या लोकांची तहान भागविली. राज्याचा कारभार कागदोपत्री लिहून ठेवण्याच्या त्यांच्या काळजीमुळे पेशवे दप्तरात त्या काळची साक्ष आपल्यासाठी उरली. दुसऱ्यावर चालून जाऊन जे मिळविले ते गेले, आणि आपल्या माणसांसाठी जे केले ते राहिले.

देवळांचे विश्वस्त, कार्यकारी मंडळ आणि सभासद या नात्याने आपणांस यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपणही देवालये बांधतो, सभामंडप वाढवितो, कळस चढवितो. त्याबरोबरच देवळाच्या पायथ्याशी पाणी आहे की नाही, पायऱ्या वृद्धांस चढता येतात की नाही, दान खऱ्या गरजेच्या ठिकाणी पोहोचते की नाही, दाराशी आलेला कोणी परत तर जात नाही ना, याचा विचार करणे हीसुद्धा देवाची सेवाच आहे. आणि घरात कलह झाला तर तो देवासमोर बसून आपसांत मिटवावा, बाहेरच्यास बोलावू नये, हा धडा जेजुरी आणि विजयदुर्ग यांची तुलना करून कोणासही घेता येईल.

जे सभासद पुण्यास जातील त्यांनी पर्वती पहाटे किंवा सायंकाळी चढावी. ऊन कमी असते आणि दृष्टी दूरवर पोहोचते. देवदेवेश्वराचे दर्शन घेऊन प्रदक्षिणा करावी, मग तटाशी उभे राहून नैर्ऋत्येस सिंहगड आणि खाली पसरलेले पुणे पाहावे. आज ते शहर पेशव्यांच्या काळच्या शहराहून कितीतरी पटींनी मोठे झाले आहे. लहान मुले बरोबर असल्यास त्यांना या टेकडीची सारी हकीकत, जयाची तशीच पराजयाचीही, सांगावी. मुलांना केवळ विजयाच्याच गोष्टी सांगितल्या तर पराभवाच्या दिवशी ती गोंधळतात. श्रीदेवदेवेश्वर सर्वांस सुबुद्धी देवो, आणि ज्यांचे पूर्वज पानिपतावरून परतले नाहीत त्या सर्व कुटुंबांचे स्मरण या निमित्ताने आपल्या मंदिरातही होवो, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.